मैदान गेले, निष्ठा राहिली

मनुष्य आपल्या आयुष्यात घर बदलतो, गाव बदलतो, धंदा बदलतो, कित्येकदा आपली मतेही बदलतो. परंतु लहानपणी वडिलांचे बोट धरून ज्या फुटबॉल-संघाचा सामना त्याने प्रथम पाहिला, तो संघ मात्र तो सहसा बदलीत नाही. संघ वर्षानुवर्षे हरत राहिला तरी हा आपला त्याच्याच नावाने उसासे टाकीत बसतो. व्यवहारी माणसास हा शुद्ध वेडेपणा वाटतो. ज्या खेळाडूंशी आपले ना नाते ना गोते, त्यांच्या पराजयाने एखाद्याच्या घरी चूल थंड पडावी, हे कोणते शहाणपण? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हवे असेल, तर दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना देशाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेस शहरात, एका क्लबाचा इतिहास पाहावा. त्या क्लबाचे नाव सान लोरेन्सो दे अल्माग्रो.

या क्लबाचा जन्म एका धर्मगुरूच्या अंगणात झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अल्माग्रो वस्तीतील काही मुले रस्त्यावरच फुटबॉल खेळत. एके दिवशी चेंडूच्या पाठीमागे धावणारा एक मुलगा ट्रामखाली सापडता सापडता वाचला, असे सांगतात. तो प्रकार फादर लोरेन्सो मासा या सालेशियन धर्मगुरूंनी पाहिला. त्यांनी मुलांस बोलावून आपल्या संस्थेचे परसू खेळावयास मोकळे करून दिले. अट एवढीच की, रविवारी मिस्सेस हजर राहावे. मुलांनी अट मानली आणि १ एप्रिल १९०८ रोजी क्लब स्थापन झाला. मुले फादरांचेच नाव क्लबास देऊ पाहत होती. फादर त्यास राजी होईनात. अखेर संत लॉरेन्स यांच्या व १८१३ सालच्या सान लोरेन्सो येथील स्वातंत्र्ययुद्धातील लढाईच्या स्मरणार्थ ते नाव असावे, या समजुतीवर त्यांनी होकार दिला. पोशाखाचे निळे व तांबडे रंग साहाय्यकारिणी मारिया माउलीच्या वस्त्रांवरून घेतले, असे मानतात. आणि फादरांच्या काळ्या झग्यावरून या क्लबाच्या चाहत्यांस आजही 'कावळे' म्हणतात. हे टोपणनाव ते अभिमानाने मिरवितात.

१९१६ साली क्लबाने शेजारच्या बोएदो वस्तीत आपले मैदान बांधले. त्यास लोक 'गासोमेत्रो' म्हणत. लाकडी फळ्यांच्या त्या सज्जांवर बाप, मुलगा आणि नातू अशा तीन-तीन पिढ्या शेजारी बसत. मैदानाभोवतीच वस्तीचे जीवन फिरत असे, कारण आर्जेंटिनातील क्लब ही कोणा धनिकाची मालमत्ता नसून वर्गणीदार सभासदांची संस्था असते. तेथे इतर खेळही चालत. मारिओ बर्गोलिओ नावाचे एक इटालियन गृहस्थ या क्लबात बास्केटबॉल खेळत व बायकामुलांस घेऊन सामने पाहावयास येत. १९४६ साली सान लोरेन्सोने अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा होर्हे नऊ वर्षांचा होता. त्या संघातील खेळाडूंची नावे त्यास म्हातारपणीही तोंडपाठ होती. हाच मुलगा पुढे १३ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस झाला.

परंतु त्या वैभवानंतर क्लबावर मोठे संकट कोसळले. १९७६ साली देशात लष्करी राजवट आली. क्लब कर्जात बुडालेला होता, आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी रस्ते व घरे बांधण्याची योजना पुढे करून मैदान सोडण्यास त्यास भाग पाडले. २ डिसेंबर १९७९ रोजी तेथे शेवटचा सामना झाला व तो शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. पुढे ना रस्ते झाले, ना घरे. काही वर्षांतच ती जागा कारफूर या फ्रेंच व्यापारी कंपनीकडे गेली आणि जेथे गोल होत होते तेथे भाजीपाला व साबण विकला जाऊ लागला.

घर गेल्यावर मानही गेला. १९८१ साली एका अखेरच्या सामन्यात केवळ बरोबरी पुरेशी असता सान लोरेन्सो एका गोलाने हरला व दुसऱ्या श्रेणीत फेकला गेला. देशातील पाच थोर क्लबांपैकी ही नामुष्की प्रथम त्याच्याच वाट्यास आली. आता प्रेक्षक पाठ फिरवितील, असा कोणाचाही कयास झाला असता. पण घडले ते उलटेच. १९८२ साली दुसऱ्या श्रेणीतील या बेघर क्लबासाठी भाड्याची मैदाने तुडुंब भरू लागली. पहिल्या श्रेणीतील सामन्यांनाही लाभू नये अशी गर्दी त्याच्या सामन्यांस होई. त्याच वर्षी तो पुन्हा वर चढला. स्वतःचे दुसरे मैदान मिळण्यास मात्र १९९३ साल उजाडावे लागले. चौदा वर्षे त्याचे चाहते परक्या मैदानांवर आपल्या क्लबापाठोपाठ हिंडत होते.

नवे मैदान मिळाल्यावर जुन्याचा विसर पडता तर नवल नव्हते. परंतु ज्यांनी ते जुने मैदान डोळ्यांनी पाहिलेही नव्हते अशी तरुण मुले 'बोएदोला परत चला' म्हणू लागली. ८ मार्च २०१२ रोजी राजधानीच्या मुख्य चौकात सुमारे लाखभर लोक जमले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी शहराच्या विधिमंडळाने ती जागा क्लबास परत मिळावी असा कायदा एकमताने संमत केला. जागेची किंमत उभी करण्यासाठी एकेका चौरस मीटरचे मोल ठरवून वर्गणी गोळा करण्यात आली व हजारो लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. २०१९ साली, म्हणजे शेवटच्या सामन्यानंतर चाळीस वर्षांनी, जमिनीचा ताबा क्लबाकडे आला. तेथे उभारावयाच्या क्रीडांगणास पोप फ्रान्सिस यांचे नाव देण्याचा क्लबाचा संकल्प आहे.

पोप फ्रान्सिस यांची स्वतःची निष्ठाही लक्षात घेण्याजोगी आहे. क्लबाच्या शताब्दीच्या वर्षी, २००८ साली, ते ब्युनोस आयरेसचे कार्डिनल असता सभासद झाले. त्यांचा क्रमांक ८८२३५ होता. परंतु जुलै १९९० मध्ये त्यांनी कार्मेल माउलीस, दूरदर्शन पाहणार नाही, असा नवस केला होता, आणि अगदी मोजके प्रसंग वगळता तो शेवटपर्यंत पाळला. त्यामुळे आपल्या संघाचे सामने ते पाहतच नसत. व्हॅटिकनमधील एक स्विस पहारेकरी दर आठवड्यास निकालांचा कागद त्यांच्या मेजावर ठेवी, तेवढ्यावर त्यांचे समाधान होई. ऑगस्ट २०१४ मध्ये सान लोरेन्सोने कोपा लिबर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च चषक प्रथमच जिंकला, त्या वेळी ते कोरियाच्या यात्रेवर होते. आठवड्याभरात खेळाडू चषक घेऊन त्यांच्या भेटीस रोमला आले. २०१३ साली निवडणुकीसाठी रोमला गेलेले पोपमहोदय २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले, तोवर मायदेशी परतले नाहीत. सभासदत्व मात्र त्यांनी कधी सोडले नाही. डोळ्यांना दिसत नसतानाही प्रेम कसे टिकते, याचा हा बोलका दाखला आहे.

या प्रेमाची काळी बाजू लपविणे मात्र बरे नव्हे. आर्जेंटिनात प्रत्येक मोठ्या क्लबाभोवती गुंडांच्या टोळ्या आहेत. क्लबाच्या नावाने त्या पैसे उकळतात व रक्त सांडतात. दंगलींनी इतका कळस गाठला की, २०१३ साली एका चाहत्याच्या मृत्यूनंतर पाहुण्या संघाच्या चाहत्यांस मैदानात येण्याचीच बंदी झाली, व ती पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. आपल्या घरावर प्रेम करावे म्हणून शेजाऱ्याचे घर जाळावे लागत नाही. ज्या निष्ठेस जिवंत राहण्यासाठी शत्रू लागतो, ती निष्ठा आतून किडलेली समजावी.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? चाहता विजयावर प्रेम करीत असता, तर १९८२ साली ती मैदाने ओस पडली असती. त्याचे प्रेम असते ते ज्या माणसांबरोबर तो त्या फळ्यांवर बसला त्यांच्यावर: आता हयात नसलेल्या वडिलांवर, आपल्या वस्तीवर, लहानपणी लागलेल्या वळणावर. क्लब हे या सर्वांचे नाव आहे. आपल्याकडील माणूस आखातात वा मुंबईस गेला तरी गावच्या फेस्ताच्या दिवशी त्याचा जीव कासावीस होतो. त्याच जातीचे हे प्रेम आहे.

आपल्या भागासही ही गोष्ट परकी नाही. गोव्यात फुटबॉलचे बीज १८८३ साली शिवोलीस फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी रुजविले, असे मानले जाते. आजही आपल्या अनेक गावांत चर्चजवळ किंवा शाळेमागे एखादे पटांगण असते व सायंकाळी तेथे मुले चेंडू खेळताना दिसतात. जमिनीचे भाव वाढत असता असल्या मोकळ्या जागेवर अनेकांचे डोळे असतात, आणि 'मुलांना काय, कोठेही खेळतील' असे म्हणणे सोपे असते. बोएदोच्या लोकांनी एकदा गमावलेले पटांगण परत मिळविण्यास चाळीस वर्षे घालविली. तेव्हा गावाच्या सभेत तुमच्या पटांगणाचा विषय निघेल, त्या दिवशी, वाचकहो, घरी बसून राहू नका. आणि जाताना मुलांनाही बरोबर न्या.