नटाच्या नजरेतले गांधी : रिचर्ड ॲटनबरो यांची कारकीर्द आणि खान्देश

पडद्यावर नाव कमावलेला नट पुढे कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला, याची उदाहरणे मराठी वाचकाला नवी नाहीत. ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याच्या मुलाचे काम केलेले व्ही. शांताराम दोनच वर्षांत दिग्दर्शक झाले, आणि राजा परांजपे यांच्यापासून अमोल पालेकर यांच्यापर्यंत ही वाट पुढेही वाहती राहिली. ब्रिटिश चित्रसृष्टीत याच वाटेने गेलेल्या रिचर्ड ॲटनबरो यांची कारकीर्द मात्र महाराष्ट्राशी, आणि थोड्या आडवळणाने का होईना पण खान्देशाशीही, अशी गुंतलेली आहे की ती केवळ परक्या देशातील एका नटाची हकीकत म्हणून वाचता येत नाही. ज्या चित्रपटासाठी त्यांनी आयुष्याची वीस वर्षे खर्ची घातली त्या ‘गांधी’मध्ये काय आले आणि काय सुटले, हा प्रश्न फैजपूर, धुळे आणि शिरपूर ही नावे ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्यांना तर अधिकच जवळचा वाटावा.

ॲटनबरो यांचा जन्म 29 ऑगस्ट 1923 रोजी केंब्रिज येथे झाला. वडील पुढे लेस्टर येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले, तर धाकटे बंधू डेव्हिड हे निसर्गविषयक माहितीपटांमुळे जगभर ओळखले जातात. जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या दोन ज्यू मुलींना या कुटुंबाने 1939 मध्ये आपल्या घरात आश्रय दिला आणि त्या तिथेच वाढल्या. अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसांकडे ॲटनबरो पुढे सारखे ओढले गेले, त्याचे मूळ या घरात शोधणे अवास्तव ठरणार नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नाट्यशिक्षणसंस्थेत त्यांनी शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळवला आणि 1942 मध्ये ‘इन विच वुई सर्व्ह’ या युद्धपटात, भीतीने आपली जागा सोडून पळणाऱ्या एका कोवळ्या खलाशाची छोटी भूमिका केली. श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते, पण त्या घाबरलेल्या चेहऱ्याने त्यांची ओळख पक्की केली. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलाच्या चित्रपट विभागात होते आणि बॉम्बफेकी विमानांतून चित्रीकरण करताना त्यांच्या कानांना कायमची इजा झाली.

पुढे ‘ब्रायटन रॉक’मधील थंड डोक्याचा तरुण गुंड त्यांनी इतका परिणामकारक रंगवला की बराच काळ तशाच भूमिका त्यांच्या वाट्याला येत राहिल्या. नटाच्या धंद्यातील ही नेहमीची अडचण आहे. एखाद्या साच्यात तो एकदा चपखल बसला की निर्माते त्याला त्या साच्यातून बाहेर पडू देत नाहीत. ॲटनबरो यांनी त्यातून काढलेला मार्ग पैशाच्या व्यवहारातून जातो. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकात 1952 मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी शीला सिम यांनी पहिल्या संचात कामे केली, त्या वेळी मानधनाच्या काही भागाऐवजी दोघांनी मिळून नफ्यातील दहा टक्के वाटा घेतला. हे नाटक लंडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. याच धर्तीवर ब्रायन फोर्ब्स यांच्यासोबत स्वतःची चित्रसंस्था काढून त्यांनी ‘द अँग्री सायलेन्स’ (1960) तयार केला; संपात सामील न झाल्यामुळे सहकाऱ्यांनी वाळीत टाकलेल्या कामगाराची ही कथा असून कलावंतांनी मानधन कमी घेऊन नफ्यात भागीदारी पत्करल्यामुळेच ती पडद्यावर येऊ शकली. चित्रपटाचा निर्माता म्हणजे विषय निवडणारा, पैसा उभा करणारा आणि तोटा झाल्यास तो सोसणारा माणूस. ही कामे अंगवळणी पडली नसती, तर पुढची वीस वर्षे त्यांचा टिकाव लागला नसता.

ती वीस वर्षे 1962 मध्ये सुरू झाली. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात काम करणारे गांधीभक्त मोतीलाल कोठारी यांनी ॲटनबरो यांना गाठून लुई फिशर यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचण्याचा आग्रह धरला. तोवर त्यांनी एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता, आणि तरीही चरित्र वाचून झाल्यावर हा चित्रपट आपणच करायचा, असे त्यांनी ठरवले. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या ओळखीने 1963 मध्ये त्यांची पंडित नेहरूंशी भेट झाली. गांधीजींना देव करून टाकू नका, त्यांचे मोठेपण माणूस म्हणूनच आहे, अशा आशयाचा नेहरूंचा सल्ला त्यांनी पुढे वारंवार सांगितला. 1964 मध्ये नेहरू गेले, 1970 मध्ये कोठारीही गेले, आणि नेसत्या वस्त्रांतल्या, हाती काठी घेतलेल्या एका वृद्धावर पैसा लावायला कोणताही मोठा स्टुडिओ तयार होईना.

दरम्यान त्यांनी दिग्दर्शनाचा हात साफ करून घेतला. पहिल्या महायुद्धावरील ‘ओ! व्हॉट अ लव्हली वॉर’ (1969), तरुण चर्चिल यांच्यावरील ‘यंग विन्स्टन’ (1972) आणि ‘अ ब्रिज टू फार’ (1977) हे तीन चित्रपट पाहिले की हजारो माणसांचे प्रसंग हाताळण्याची हातोटी कशी वाढत गेली ते दिसते. त्याच 1977 मध्ये सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त अवधचे राज्य गिळंकृत करणाऱ्या जनरल औट्रमची भूमिका त्यांनी केली. साम्राज्याच्या वतीने उद्धटपणे, पण आतून थोडे ओशाळून बोलणारा हा अधिकारी त्यांच्या अभिनयातील सर्वोत्तम कामांपैकी एक मानावा लागेल, आणि पुढे ‘गांधी’मधील इंग्रज अधिकाऱ्यांना जी चूक कळूनही न वळणारी वृत्ती मिळाली, तिचा सराव इथेच झालेला दिसतो.

अखेर इंदिरा गांधी यांच्या सरकारने राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत खर्चाचा मोठा वाटा उचलला. भारतीय दिग्दर्शकांना पैसा मिळत नसताना परदेशी माणसाला तो का द्यावा, असा आक्षेप तेव्हा जोरात घेतला गेला, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे म्हणता येत नाही. उरलेल्या पैशासाठी ॲटनबरो यांना ‘द माउसट्रॅप’मधला आपला राहिलेला वाटाही विकावा लागला. नोव्हेंबर 1980 मध्ये चित्रीकरण सुरू झाले.

कलावंतांची निवड करताना त्यांनी मराठी रंगभूमीकडे बारकाईने पाहिले. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी लंडनला पडदाचाचणी, म्हणजे भूमिकेतील एखादा प्रसंग कॅमेऱ्यासमोर करून पाहण्याची परीक्षा, घेण्यात आली, तेव्हा भक्ती बर्वे, रोहिणी हट्टंगडी यांच्याबरोबर स्मिता पाटीलही होत्या. धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे स्वातंत्र्यसैनिक व सहकारी चळवळीतील नेते शिवाजीराव पाटील यांची ही कन्या ‘भूमिका’ आणि इतर चित्रपटांमुळे तोवर देशभर गाजलेली होती. भूमिका मिळाली ती मात्र पुण्याच्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या रोहिणी हट्टंगडी यांना. तिशीच्या आतील या अभिनेत्रीने तरुण पत्नीपासून कारावासात प्राण सोडणाऱ्या वृद्धेपर्यंतचा प्रवास असा उभा केला की ब्रिटिश अकादमीचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह मिळालेला ऑस्कर हा कोणाही भारतीयाला मिळालेला पहिला ऑस्कर ठरला.

दिग्दर्शकाच्या खुर्चीत नट बसला म्हणजे काय होते, हे चित्रपटातील एका प्रसंगावरून कळते. दक्षिण आफ्रिकेतील आश्रमात शौचकूप साफ करण्याची पाळी कस्तुरबा नाकारतात, गांधी संतापून त्यांना ओढत दाराबाहेर काढू पाहतात, आणि त्या क्षणी आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन त्यांचा ताठा गळून पडतो. या प्रसंगात गर्दी नाही, डोळे दिपवणारा देखावा नाही. फक्त दोन नट आहेत. राग, लाज आणि पश्चात्ताप ही तीन स्थित्यंतरे गांधींची भूमिका करणाऱ्या बेन किंग्जले यांच्या चेहऱ्यावर उमटेपर्यंत दिग्दर्शक कोणतीही घाई करत नाही. नेहरूंचा सल्ला इथे पुरेपूर पाळला गेला आहे. दुसऱ्या टोकाला अंत्ययात्रेचे दृश्य आहे. 31 जानेवारी 1981 रोजी, म्हणजे मूळ अंत्ययात्रेला बरोबर तेहतीस वर्षे झाली त्या दिवशी, दिल्लीच्या राजपथावर ते चित्रित झाले आणि त्यासाठी तीन लाखांहून अधिक लोक जमले होते. इतका खटाटोप करूनही पडद्यावर ते दृश्य जेमतेम दोन मिनिटे दिसते. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, जिथे कस्तुरबांनी 22 फेब्रुवारी 1944 रोजी खरोखरच देह ठेवला त्याच वास्तूत, त्यांच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित झाला, आणि तिथेही कॅमेरा इमारतीपेक्षा शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे अधिक पाहतो.

या पद्धतीची किंमतही आहे. 191 मिनिटांच्या या चित्रपटात 1931 च्या गोलमेज परिषदेनंतर कथा जवळजवळ थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उडी मारते. मधल्या वर्षांत महाराष्ट्रात जे घडले ते त्या उडीखाली गेले. 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण झाले आणि त्यातून पुणे करार झाला; चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुळीच दिसत नाहीत, या गाजलेल्या आक्षेपाचे मूळ या गाळलेल्या भागात आहे. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने देत होते आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी ती उतरवून घेत होते; ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातूनच तयार झाला. आणि डिसेंबर 1936 मध्ये तेव्हाच्या पूर्व खान्देशातील, आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच.

शहरातील मंडप सोडून काँग्रेसने शेतकऱ्याच्या दारी यावे, हा गांधीजींचा आग्रह होता. अध्यक्ष नेहरू होते, स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते, आणि धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी गावोगावच्या माणसांना कामाला जुंपले होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून ‘टिळकनगर’ सजवले, गांधीजींनी ग्रामोद्योगांचे प्रदर्शन खुले केले आणि शेतसारा, कर्ज, कुळांचे हक्क यांविषयीचा शेतकी कार्यक्रम ठरावाच्या रूपाने मांडला गेला. चित्रपटात याचा उल्लेखही नसणे हा ॲटनबरो यांच्या अज्ञानाचा पुरावा मानता येत नाही. ठराव, समित्या आणि गावकऱ्यांनी अंगमेहनतीने उभारलेले नगर यांत नटाला हवा असलेला एकटा चेहरा सापडत नाही, आणि चेहरा नसेल तिथे ॲटनबरो यांचा कॅमेरा थांबत नाही. दांडीच्या वाटेवर पुढे चालणारा माणूस दिसतो, म्हणून दांडी आली, फैजपूर सुटले. जळगावजवळच्या जैन हिल्सवर भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आणि 2012 मध्ये खुले झालेले ‘गांधी तीर्थ’ हे संग्रहालय पाहणाऱ्याला कागदपत्रे, पत्रे आणि छायाचित्रे यांतून दिसणारे गांधी किंग्जले यांच्या गांधींपेक्षा अधिक पसरट, अधिक कामसू आणि पुष्कळदा अधिक किचकट वाटतात. दोन्ही पाहणे श्रेयस्कर. पैकी एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

एप्रिल 1983 मध्ये ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले, त्यांत सर्वोत्तम चित्रपट व दिग्दर्शन ही दोन्ही होती, आणि मागे पडलेल्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ होता. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय नेते स्टीव्ह बिको यांच्यावरील ‘क्राय फ्रीडम’ (1987), चार्ली चॅप्लिन यांच्यावरील ‘चॅप्लिन’ (1992) आणि लेखक सी. एस. लुईस यांच्या उतारवयातील प्रेमावरचा ‘शॅडोलँड्स’ (1993) हे चित्रपट त्यांनी केले. यांतला शेवटचा आकाराने सर्वांत लहान आणि कदाचित सर्वांत निर्दोष आहे, कारण त्यात इतिहासाचे ओझे नाही आणि नटांवरचा दिग्दर्शकाचा विश्वास पुरेसा ठरतो. चौदा वर्षे अभिनयापासून दूर राहिल्यानंतर त्यांना पुन्हा पडद्यावर आणले ते स्पीलबर्ग यांनीच. ‘जुरासिक पार्क’मधला पांढऱ्या दाढीचा हौशी धनिक आजची पिढी ओळखते, पण ‘गांधी’चा दिग्दर्शक तोच, हे पुष्कळांना सांगावे लागते.

त्यांचा मृत्यू 24 ऑगस्ट 2014 रोजी झाला. अमेरिकन व फ्रेंच राज्यक्रांत्यांचा पुरस्कर्ता थॉमस पेन याच्यावर चित्रपट करण्याची इच्छा त्यांनी अनेक वर्षे बाळगली होती आणि त्याची पटकथाही तयार होती. मात्र या वेळी विकायला ‘द माउसट्रॅप’चा वाटा उरला नव्हता, आणि वाटा उचलायला पुढे येणारे सरकारही नव्हते.