बांध, चर आणि पाण्याचा ताळेबंद : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने तेथील टंचाईचे खापर सहसा अपुऱ्या पावसावर फोडले जाते. पाऊस बेताचा आहे हे खरेच. परंतु एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते, म्हणजे 400 मिलिमीटरच्या वर्षातही हेक्टरी 40 लाख लिटर पाणी पडते. ते मोजक्या जोरदार सरींत येते आणि उघड्या माळावरून सुपीक माती घेऊन निघून जाते, ही खरी अडचण होय.

शेतकऱ्याला मृद्‌संधारणाचे महत्त्व कळत नाही म्हणून तो बांध राखत नाही, हा समज त्याहून चिवट आहे. समतल बांध, म्हणजे समान उंचीच्या रेषेवर घातलेला मातीचा बांध, हलक्या व निचऱ्याच्या जमिनीत उपयोगी पडतो. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी बांधाशी तुंबून पीक पिवळे पडते, उन्हाळ्यात बांधाला भेगा जातात आणि पुढच्या पावसात तो तेथेच फुटतो. अशा जमिनीत जादा पाणी सावकाश सांडव्याकडे नेणारे ढाळीचे बांध घालावे लागतात. शिवाय समतल रेषा सातबाऱ्यावरची हद्द जाणत नाही. ती वावर तिरपे कापते, औत वळवणे अवघड करते, थोडी जमीन बांधाखाली घालवते आणि पाझराचा लाभ पुष्कळदा खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला देते. बांध नांगरून टाकणाऱ्याचा हिशेब त्यामुळे दरवेळी चुकीचा नसतो. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात आणि 1993 मध्ये स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या कामात ही बाब ध्यानात घेऊन गटवार नियोजनाची रीत बसवली गेली. शेतकरी नवरा-बायकोला बरोबर घेऊन त्यांच्याच वावरात हिंडायचे, मातीची खोली व उतार पाहायचा आणि कोठे बांध, कोठे चर, कोठे झाडे हे जागेवरच ठरवायचे, असे तिचे स्वरूप आहे.

ओढ्यात बंधारा घातला की काम झाले, ही समजूत यंत्रांच्या जमान्यात बळावली आहे. वस्तुतः काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे लागते. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदलेले नसतील, तर खालचा बंधारा काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो. शेततळ्याबाबतचा गैरसमज वेगळा आहे. प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे विहिरीतून उपसून भरले, तर त्यात पावसाचे पाणी अडवले जात नाही. सर्वांच्या भूजलातील वाटा एका मालकाच्या ताब्यात जातो आणि त्यातला काही भाग उन्हाने उडून जातो.

अडवलेले पाणी हवे तसे वापरता येते, हा समज सर्वांत महाग पडतो. जिल्ह्यातील काळा कातळ पाणी धरतो तो मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणजे साठा मुळातच तुटपुंजा असतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने 1990 च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चर आणि बंधारे बांधले, हे सर्वज्ञात आहे. सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाहीत, हे तेथील निर्णय मात्र पाहुणे सहसा टिपून नेत नाहीत. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचा पेरा ठरतो.

गावाने एकदा होकार दिला की सर्वांना सारखाच फायदा होतो, असेही मानले जाते. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या पाणलोटाच्या कामाच्या नेहमीच्या अटी आहेत. विहीरवाल्याला त्यांचे फळ पाण्याच्या रूपाने मिळते, तर मेंढरांवर पोट असलेल्या भूमिहीन कुटुंबाचा चारा पहिल्याच वर्षी बंद होतो. म्हणून माळ एकदम न बंद करता टप्प्याटप्प्याने राखणे, तेथील कापलेल्या गवतात आणि कामाच्या मजुरीत अशा कुटुंबांचा वाटा ग्रामसभेत आधीच ठरवणे, हा बंदी टिकवण्याच्या तांत्रिक आराखड्याचाच भाग ठरतो.