आधी दमानं, मग जोमानं

आपल्या कौंडण्यपुरातून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी निघते. जुन्याजाणत्या बाया पहिल्या दिवशी कधी घाई करत नाहीत. मुक्काम ठरलेला, चाल ठरलेली. लांब पल्ल्याच्या शर्यतीचंही असंच आहे.

मी पहिल्यांदा १० किलोमीटरच्या शर्यतीत उतरले, तेव्हा हे मला उमगलं नव्हतं. शिट्टी वाजली, पोरी सुटल्या, मीही सुटले. तिसऱ्या किलोमीटरला धाप लागली आणि सहाव्याला रस्त्याच्या कडेला बसले, ती उठलेच नाही. झेपत नाही एवढा वेग धरला की स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. पाय जड होतात, मग वेग कमी करूनही लवकर सावरता येत नाही.

म्हणून आधी हिशेब मांडा. १० किलोमीटर ७० मिनिटांत संपवायचे, तर एका किलोमीटरला ७ मिनिटं. पहिले दोन किलोमीटर सव्वासात मिनिटांनी धावा, मधले सहा सातनं, शेवटचे दोन पावणेसातनं. बेरीज ७०च येते. फक्त दम शेवटासाठी उरतो. घड्याळ नसलं तर सोबतिणीशी बोलून बघा. सुरुवातीला एक वाक्य सलग बोलता आलं, तर वेग बरोबर.

तयारीला किमान दोन-तीन महिने द्या. आठवड्यातून तीन-चार दिवस धावा, त्यातला एकच दिवस लांबचा. अंतर हळूहळू वाढवा. शर्यतीच्या आठवड्यात मात्र कमी करा. वऱ्हाडातलं ऊन सोपं नाही, तेव्हा सराव पहाटेच उरका. चक्कर आली, मळमळलं, तर तिथंच थांबा, सावलीत बसा. त्यात कमीपणा नाही.

शर्यतीच्या दोन-तीन तास आधी रोजच्या सवयीचंच हलकं खा. नवं खाणं, नवे बूट त्या दिवशी नकोत. आणि सराव सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. अशा अंगानं नुसता सराव वाढवून दम वाढत नाही. आधी उपचार घ्या.

बारामतीच्या लताबाई करे साठी उलटल्यावर नवऱ्याच्या उपचारासाठी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्यांच्यावर वेळच तशी आली होती. आपल्या पोरींवर ती येऊ नये. त्यांना बूट द्या, पोटभर जेवण द्या, आणि पहाटेच्या त्या तासाभरात पाणी भरायला, चूल पेटवायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उठवा.

पोरीला शर्यतीत दमानं धावायचं असेल, तर घरानं तिला आधी वेळ द्यायला हवा.