आरसे आहेत, पण दिसतं किती?

बहुतेक गाड्यांचे बाजूचे आरसे असे लावलेले असतात की अर्ध्या काचेत आपल्याच गाडीचं दार दिसतं. ते पाहून मनाला बरं वाटतं, पण शेजारच्या लेनमधली दुचाकी मात्र नजरेआड राहते.

अमेरिकन अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये यावर सोपी पद्धत मांडली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ती अशी करायची: गाडी उभी असताना डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवा. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून डावाही तसाच लावा. आता ओव्हरटेक करणारी गाडी आतल्या आरशातून सुटता सुटता बाजूच्या आरशात येते. सुरुवातीचे काही दिवस चुकल्यासारखं वाटेल, पण सवय होतेच. तरीही लेन बदलताना मान वळवून बघायचंच.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बाहेरचा आरसा बहुधा बहिर्गोल असतो, त्यामुळे मागचा ट्रक आहे त्यापेक्षा लांब भासतो. अंतराचा अंदाज आतल्या सपाट आरशावरून घ्या. रात्री मागच्या हेडलाइटनं डोळे दिपले तर त्याच आरशाखालची छोटी कळ ओढा, प्रकाश एकदम मंद होतो.

दुचाकीवाल्यांनो, सैल आरशाचा नट आजच आवळून घ्या. थरथरत्या काचेत काही धड दिसत नाही. आणि दिसायला छान म्हणून आरसे काढून टाकणं मला अजिबात पटत नाही.