काठचं गवत

पूर ओसरला की कसबा बावड्यात नदीकडच्या मळीतलं गवत तरारून येतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका; हे आकडे इथं पोराटोरांनाही पाठ. पाणी उतरल्यावर सखल रानात उरणाऱ्या डबक्यांकडे मात्र कुणी बघत नाही.

गोठ्यातली म्हैस खंगलेली. दूध घटलंय, शेण पातळ, जबड्याखाली लोंबती सूज. "चरायला सोडतच न्हाई, दावणीलाच असती. जंत कुठनं येणार, डॉक्टर?" मावशी विचारतात. डॉक्टर हातमोजा चढवतात आणि शेण थेट आतूनच काढतात. खाली पडलेल्या शेणात मातीतले भलतेच किडे मिसळतात.

आतड्यातल्या गोलजंतांची अंडी हलकी, मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात. इथं संशय लिव्हर फ्लूकचा, यकृतातल्या पानासारख्या चपट्या जंताचा. त्याची अंडी जड. म्हणून शेण साध्या पाण्यात कालवायचं, गाळायचं, ग्लासात निवळू द्यायचं. वरचं पाणी ओतून नवं घालायचं. नितळ होईतो हेच. घाईच्या माणसानं यात पडू नये. शेवटी तळच्या गाळात मेथिलिन ब्लूचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली सगळा कचरा निळा, त्यात अंडी तेवढी पिवळी.

ही अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात, शेणातून डबक्यात जातात. तिथं फुटून निघालेल्या पिल्लाला दिवसभरात गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर ते मरतं. तिच्या अंगात ते एकाचं अनेक होतं, मग पाण्यात उतरून काठच्या गवताला चिकटतं. म्हैस नदीवर गेली नाही, तरी विळ्यानं कापलेला भारा गोठ्यात येतोच.

मला खरी मेख वेळेची वाटते. गिळलेलं पिल्लू यकृत पोखरत वाढतं. अंडी घालायला त्याला तीन-चार महिने लागतात. आज भाद्रपदात दिसलेली अंडी पावसाच्या तोंडावर कापलेल्या गवताची. आत्ता खाल्लेलं गवत दिवाळीनंतर बोलेल. शेण स्वच्छ निघालं म्हणजे जनावर निर्धोक, असं नाही. त्यात ऑक्सिक्लोझानाइड हे जंतांचं औषध मुख्यतः वाढलेल्या जंतांवर चालतं, कोवळे निसटतात. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणीला बोलावतात.

"काठची वैरण तेवढी बंद करा."

"फुकटची हाय ती. उसाचं वाडं मिळायला कारखाना सुरू व्हायला पायजे."

"मग पाण्यातलं सोडून वरच्या बांधाचं कापा. काठचं कापलंच तर चांगलं वाळवून घाला."

"या दिवसांत वाळवू कुठं?" मावशी आभाळाकडे बोट दाखवतात. डॉक्टर वरच्या बांधाच्या वैरणीचा हिशेब करायला बसतात.