झडप उघडी ठेवायची असेल तर

नवापूरच्या हौशी मॉडेलकाराला खरा रणगाडा जवळून पाहायचा तर धुळे-मनमाडमार्गे अहिल्यानगर गाठावे. तिथल्या लष्करी रणगाडा संग्रहालयात (स्थापना 1994) बाहेरचे रूप मनसोक्त पाहता येते. आतले मात्र अभ्यासूनच बनवावे लागते.

शर्मनचे उदाहरण घेऊ. 1945 मध्ये भारतीय फौज ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या लढाईत हाच रणगाडा घेऊन उतरली होती. त्याचे इंजिन मागे, पण गिअरपेटी पुढे. त्यामुळे दोन्ही जोडणारा फिरता दांडा बुरुजाखालून जातो, आणि म्हणूनच शर्मन इतका उंच. पुढे डावीकडे चालक, उजवीकडे त्याचा मदतनीस, मधोमध गिअरपेटी. उरलेले तिघे बुरुजात. सुरुवातीच्या शर्मनमध्ये बरेच गोळे पट्ट्यांवरच्या कोनाड्यांत असत आणि मारा बसला की पेट घेत. 1944 च्या सुमारास ते तळाशी, पाण्याने वेढलेल्या कप्प्यांत हलवले गेले. तेव्हा गोळे चिकटवण्याआधी आपला नमुना कोणत्या वर्षाचा, ते ठरवा.

आतला रंग पांढरा, म्हणजे थोडक्या उजेडातही दिसावे. झडपेची आतली बाजू मात्र बाहेरच्याच हिरव्या रंगाची, कारण उघडी पांढरी झडप शत्रूला लांबून दिसेल. जर्मन रणगाड्यांत वरचा भाग हस्तिदंती आणि तळ बहुधा तांबूस प्राइमरचा.

1/35 प्रमाणात 75 मिमीचा गोळा जेमतेम 2 मिमी जाडीचा होतो. तो प्लॅस्टिकच्या कांडीतून सहज कापता येतो.