दाहलेममधील कवट्या

‘युगान्त’च्या इरावती कर्वे मराठी वाचकाच्या परिचयाच्या आहेत. तरुणपणी बर्लिनमध्ये त्यांनी जवळजवळ दीडशे मानवी कवट्या मोजल्या होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथे शिकायला गेल्या, तेव्हा जर्मनीत वायमारचे प्रजासत्ताक होते. जानेवारी १९१९मध्ये जर्मन स्त्रियांनी प्रथमच राष्ट्रीय निवडणुकीत मत दिले होते. (आपल्या औरंगाबादेत तेव्हा निजामाचा अंमल, सामान्य पुरुषालाही राज्यकारभारात मत नव्हते.)

हे प्रजासत्ताक जन्मतःच मरणपंथाला लागले होते, हा समज मला पटत नाही. नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. त्यातून देश सावरला, नवे चलन आले, १९२७मध्ये बेकारी विमाही सुरू झाला. मे १९२८च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघ्या १२ जागा मिळाल्या.

दुखणे वेगळेच होते. सम्राट गेला, पण न्यायाधीश, सेनाधिकारी, प्राध्यापक बहुतांशी जुनेच राहिले आणि त्यांतल्या अनेकांना प्रजासत्ताक मनातून मान्य नव्हते. दाहलेम भागातील मानववंशशास्त्र संस्था १९२७मध्ये, म्हणजे प्रजासत्ताकाच्या काळातच उघडली. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंचे मार्गदर्शक तेच. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली तफावत गोऱ्या युरोपीयांत अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या तर्कबुद्धीशी आहे, अशी त्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. वंशागणिक असा फरक त्यांना आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसे लिहिले. पारतंत्र्यातल्या देशातून आलेली विद्यार्थिनी संस्थाप्रमुखाच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडते आणि तरीही तिला डॉक्टरेट मिळते. वायमारचे यश मला चलनाच्या आकड्यांपेक्षा इथे अधिक दिसते.

पण तेवढ्यात पाया खचू लागला होता. राज्यघटनेच्या ४८व्या कलमाने राष्ट्राध्यक्षांना आणीबाणीत वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला होता. जुलै १९३०मध्ये संसदेने असा एक वटहुकूम फेटाळला, तर संसदच बरखास्त झाली. सप्टेंबरच्या निवडणुकीत १२च्या १०७ जागा झाल्या. १९३२मध्ये बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. त्या वर्षी संसदेने केलेले कायदे ५ आणि वटहुकूम ६६. हिटलर चान्सेलर होण्याआधीच संसदेवाचून कारभार चालतो याची लोकांना सवय झाली होती. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याची नेमणूक झाली, तीही राष्ट्राध्यक्षांच्या सहीने, रीतसर.

त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जुलैमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. १९३७मध्ये ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी वंशाच्या सैनिकांच्या मुलांची गुपचूप नसबंदी झाली. त्यासाठीच्या तपासण्यांत दाहलेमच्या संस्थेचाही हात होता.

इरावतीबाई तोवर पुण्यात परतल्या होत्या. १९३९मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. फिशरचे अनुमान त्यांनी नाकारले, पण तिथे शिकलेली मोजमापाची पद्धत सोडली नाही. महाराष्ट्रातील जातिसमूहांच्या अभ्यासात ती त्यांनी पुढे अनेक वर्षे वापरली.